चिलमी कुणी केल्या? फ्लॉवरड्यू हंड्रेडच्या संग्रहाची फेरतपासणी

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, जेम्स नदीच्या दक्षिण काठावर फ्लॉवरड्यू हंड्रेड नावाचा जुना तंबाखूचा मळा आहे. मुळात ही जमीन वेयानोक लोकांची. इंग्रजांच्या वसाहतीचा गव्हर्नर जॉर्ज यर्डली याला ती १६१८-१९च्या सुमारास मिळाली, आणि बायकोच्या माहेरच्या आडनावावरून तिला हे नाव पडलं. १६१९च्या जुलैत याच यर्डलीच्या अमलात जेम्सटाउनला वसाहतीची पहिली प्रतिनिधी सभा भरली. पुढच्याच महिन्यात जेम्स नदीच्या मुखाशी पॉइंट कम्फर्टला एक जहाज लागलं. पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावरून लुटून आणलेली अंगोलाची वीसेक माणसं त्यावर होती. गव्हर्नर आणि वसाहतीचा मुख्य व्यापारी या दोघांनी ती अन्नधान्याच्या बदल्यात घेतली, अशी नोंद आहे. तो व्यापारी म्हणजे अब्राहम पिअर्सी. १६२४ साली त्यानेच यर्डलीकडून फ्लॉवरड्यू विकत घेतलं.

मधल्या काळात, २२ मार्च १६२२ रोजी, पाउहाटन या मूळ रहिवाशांनी सगळ्या वसाहतीवर एकाच दिवशी हल्ला चढवला. त्यात ३४७ इंग्रज मेले. फ्लॉवरड्यूवर मात्र सहाच मेले आणि वस्ती टिकली. १६२५च्या गणतीत अख्ख्या व्हर्जिनियात २३ आफ्रिकी माणसं नोंदली आहेत. त्यांतली १५ यर्डली आणि पिअर्सी या दोघांच्याच घरी होती, आणि पिअर्सीकडची सात फ्लॉवरड्यूवर राहत होती. थोडक्यात, इथल्या एका चुलीभोवती कराराने बांधलेले इंग्रज नोकर, पकडून आणलेले अंगोलन आणि देवघेवीला येणारे आजूबाजूचे मूळ रहिवासी असे तिघेही असू शकत होते. पुढचा सगळा गुंता यातूनच निघाला.

१९७१पासून विल्यम अँड मेरी कॉलेजने इथे पद्धतशीर खोदकाम केलं. १९८०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेचे पुरातत्त्वज्ञ जेम्स डीट्झ आणि त्यांचे विद्यार्थी इथे आले. डीट्झ यांचा भर नवे चर खणण्यापेक्षा आधीच पेट्यांत भरून ठेवलेला माल पुन्हा बघण्यावर होता. हे प्रकरण त्या पेट्यांचं आहे. चाळणीवर उभं राहून किंवा पिशव्यांवर आकडे घालून ज्यांनी हे काम उभं केलं, त्यांची नावं इथे नाहीत. ज्यांनी आपलं म्हणणं जाहीरपणे छापलं, तेवढेच नावानिशी येतात.

अडचण

सतराव्या शतकातल्या इंग्रजी घराच्या जागी खणलं की सगळ्यात जास्त सापडतात ते तंबाखूच्या मातीच्या चिलमींचे तुकडे. एका टोकाला छोटी वाटी आणि पुढे लांब नळी. ती मोडायची आणि अंगणात फेकली जायची. इंग्लंडहून येणाऱ्या चिलमी पांढऱ्या मातीच्या, दोन भागांच्या साच्यात दाबून केलेल्या. पुरातत्त्ववाल्यांना त्या फार प्रिय, कारण त्यांच्यावरून काळ सांगता येतो. १९५४ साली जे. सी. हॅरिंग्टन यांनी दाखवून दिलं की नळीचं भोक काळागणिक बारीक होत गेलं. १६२० ते १६५०मध्ये ते बहुधा इंचाचा ८/६४ भाग असतं, तर १७५० ते १८००मध्ये ४/६४. मोजायला ड्रिलची पाती पुरतात. डीट्झ यांनी फ्लॉवरड्यूच्या वेगवेगळ्या जागांवरच्या नळ्या अशाच मोजल्या, आणि त्या जागा काळाच्या तीन गटांत स्वच्छ विभागल्या गेल्या.

याच पेट्यांत दुसऱ्याही चिलमी होत्या. लाल, तपकिरी, नारिंगी, काही तर दोन रंगांची माती एकत्र मळून केलेल्या. काही हाताने वळलेल्या, काही साच्यातल्या. काहींचा आकार हुबेहूब इंग्रजी, तर काहींना कोपरासारखा वाक आणि वर निमुळती वाटी. कित्येकांवर टोचून किंवा दातेरी हत्याराने उठवलेली नक्षी, आणि त्या ठिपक्यांत भरलेली पांढरी माती. पळतं हरीण, तारा, चार भाग केलेलं वर्तुळ, लोंबत्या त्रिकोणांची माळ. हॅरिंग्टनचं कोष्टक यांना लागू पडत नाही, कारण हाताने पाडलेलं भोक कुठल्या कारखान्याची शिस्त पाळत नाही.

चेसापीक उपसागराच्या दोन्ही बाजूंना, व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये, अशा चिलमी सतराव्या शतकाच्या जवळपास प्रत्येक घरजागेवर मिळतात. शतक संपता संपता त्या दिसेनाशा होतात. त्या केल्या कुणी? बराच काळ उत्तर गृहीतच होतं. बहुतेक जण त्या मूळ रहिवाशांच्या खात्यावर टाकत, तर काहींना त्यांत इंग्रज कारागिराचा हात दिसे. जेम्सटाउनला १६०८ सालीच रॉबर्ट कॉटन नावाचा चिलमी करणारा आला होता, हे कागदोपत्री आहे. आफ्रिकी हा पर्याय फारसा कुणाच्या यादीत नव्हता.

समोरचे पर्याय

पेटी उघडून बसलेल्या माणसापुढे वाटा तशा कमी नव्हत्या. मातीचं रासायनिक पृथक्करण करता आलं असतं. पण माती ठिकाण सांगते, हात सांगत नाही. तिन्ही गटांची माणसं त्याच नदीच्या काठची माती खणत होती, तेव्हा या प्रश्नाला ती परीक्षा मुळातच अपुरी. कागद बघावेत, तर पैशाला पासरी मिळणाऱ्या वस्तूची नोंद क्वचितच कुणी ठेवतो. थर बघावेत, तर तीनशे वर्षं नांगर चाललेल्या जमिनीत वरचा फूटभर माल कालवलेलाच असतो, आणि भरवसा ठेवावा असे खड्डे थोडे. उरल्या दोन वाटा: घडणीचं तंत्र बघणं किंवा नक्षी बघणं.

नक्षी निवडली गेली. निर्णयाची पहिली जागा ही. नक्षी डोळ्यात भरते, तिचा फोटो चांगला येतो आणि दुसऱ्या खंडातल्या नक्षीशेजारी तो ठेवता येतो. पण ती निवडताच साध्या, बिननक्षीच्या तुकड्यांचा भलामोठा ढीग साक्षीतून आपोआप बाद झाला. हे कुणी ठरवून केलं असं मला वाटत नाही. प्रश्नच तसा विचारला गेला होता.

पहिली फेरतपासणी

डीट्झ यांचे विद्यार्थी मॅथ्यू एमर्सन यांनी फ्लॉवरड्यूच्या आणि आसपासच्या जागांच्या नक्षीदार चिलमी एकत्र अभ्यासल्या. १९८८ साली प्रबंध पूर्ण झाला. त्यांचं म्हणणं असं की वाटीचे काही आकार इंग्रजी आहेत, पण ठिपक्यांत पांढरी माती भरण्याची रीत आणि काही आकृत्या पश्चिम आफ्रिकेतल्या कलेशी जुळतात. त्यांचा सगळ्यात गाजलेला दाखला म्हणजे ‘क्वारदाता’ ही पट्ट्यांची आणि शंकरपाळी-आकारांची आकृती. ईशान्य नायजेरियातले गाआन्दा लोक तरुणपणात पदार्पणाच्या विधीतल्या मद्याच्या भांड्यांवर ती काढतात.

या मांडणीचं वजन समजायला शेजारच्या कपाटातली खापरं बघावी लागतात. वसाहतीच्या घरांत बिनचकाकीची, हाताने घडवलेली मडकीही सापडतात. १९६२ साली विल्यम्सबर्गच्या आयव्हर नोएल ह्यूम यांनी त्यांना ‘कोलोनो-इंडियन’ असं नाव दिलं, कारण पामंकी वगैरे मूळ रहिवासी ती करून विकत असावेत असा त्यांचा कयास होता. पुढे दक्षिण कॅरोलिनात लेलंड फर्ग्युसन यांनी जुने संग्रह पुन्हा चाळले. हीच मडकी गुलामांच्या झोपड्यांच्या जागी ढिगांनी मिळतात आणि त्यांची घडण पश्चिम आफ्रिकेतल्या भांड्यांसारखी आहे, हे त्यांनी लक्षात आणून दिलं. योहन आणि करिबू या दोन मळ्यांवर तर भाजताना उडालेल्या खपल्या मिळाल्या. म्हणजे मडकी तिथेच, गुलामांच्या वस्तीत भाजली जात होती. नावातलं ‘इंडियन’ गळून पडलं.

डीट्झ यांनी दोन्ही धागे जोडले. फ्लॉवरड्यूवर ही मडकी साधारण १६८०नंतरच्याच जागांवर सापडतात, तर नक्षीदार चिलमी त्याआधीच्या. त्यांचा तर्क असा की सुरुवातीला मालक, गोरे नोकर आणि आफ्रिकी एकाच छपराखाली राहत होते. तेव्हा चूल आणि भांडी मालकाची, पण चिलीम प्रत्येकाची स्वतःची. पुढे गुलामांना वेगळ्या झोपड्या दिल्या गेल्या, तेव्हा त्यांना स्वतःची मडकी लागली. एका घरजागेच्या मोडक्या मालातून गुलामगिरीचा बदलता आकार वाचणारी ही मांडणी आजही मला सुंदर वाटते, आणि तिचा मडक्यांच्या काळाविषयीचा भाग चिलमींवरच्या वादापेक्षा भक्कम आहे.

उलटतपासणी

१९९९ साली डॅनियल माउअर आणि व्हर्जिनियातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी जोरदार हरकत घेतली. त्यांचा मुख्य मुद्दा काळाचा होता. पळतं हरीण आणि ठिपक्यांची नक्षी ही मूळ रहिवाशांच्या चिलमींवर वसाहतीच्या आधीपासून दिसते, मग ती १६१९नंतर आफ्रिकेतून आली कशी? दुसरा मुद्दा भूगोलाचा. सुरुवातीचे आफ्रिकी अंगोलाचे, तर आकृती ईशान्य नायजेरियाची. मधलं अंतर मुंबई ते ढाका धरलं तरी पुरं पडत नाही. तिसरा मुद्दा पद्धतीचा. जगभरच्या कुंभारांनी ओल्या मातीवर त्रिकोण आणि शंकरपाळे काढलेत. हजारो मैलांवरचं एक साम्य हाती घेऊन दुवा सिद्ध होत नाही. मधल्या कड्या दाखवाव्या लागतात.

वाद चांगलाच तापला, आणि तो केवळ खापरांचा नव्हता. आफ्रिकी पूर्वजांनी सुरुवातीच्या काळात स्वतःचं म्हणून काही घडवल्याची हातात धरता येईल अशी खूण म्हणजे या चिलमी, असं अनेकांना वाटत होतं. ती खूण काढून घेणं सोपं नव्हतं. उलट बाजूलाही जखम होतीच. १९२४च्या वंशशुद्धी कायद्याने व्हर्जिनियाने माणसांच्या नोंदी गोरे आणि ‘रंगीत’ अशा दोनच खान्यांत कोंबल्या, आणि ‘इंडियन’ हा खाना सरकारी कागदांवरून जवळजवळ पुसला. पामंकींच्या राखीव वस्तीत मडकी घडवणाऱ्या बाया तेव्हाही होत्या. १९३२मध्ये तिथे मृत्पात्रांची शाळाही निघाली. तरी त्या जमातीला केंद्र सरकारची मान्यता मिळण्याचा निर्णय व्हायला २०१५ उजाडलं. पूर्वजांची चिलीम एका प्रबंधात एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, तेव्हा अशा लोकांना ते कसं वाटत असेल हे सांगायला नको. सुरुवातीच्या मांडणीत ही बाजू जवळपास ऐकूच येत नाही. या प्रकरणातली मला सगळ्यात गंभीर वाटणारी उणीव हीच.

भट्टी सापडते

दोन पक्ष भांडत असताना तिसरा पक्ष जमिनीतून वर आला. मेरीलँडमध्ये अॅन अरुंडेल परगण्यात अल लुकेनबाख यांच्या चमूला स्वॉन कोव्ह इथे चिलमी भाजायच्या जागेचे अवशेष मिळाले. १६६०च्या दशकात तिथे इमॅन्युएल ड्रू नावाचा इंग्रज वसाहतवाला राहत होता. १६६९ साली तो वारल्यावर केलेल्या मालमत्तेच्या यादीत चिलमींचे साचे नोंदले आहेत. तो पांढऱ्याबरोबर स्थानिक लाल मातीच्याही चिलमी करत होता, दोन माती मिसळूनही. म्हणजे लाल माती दिसली की करणारा गोरा नाही, हे सोयीचं समीकरण मोडलं. दुसऱ्या एका अनामिक कारागिराची नक्षी पुस्तकबांधणीच्या दातेरी हत्यारांनी उठवल्यासारखी दिसते. अभ्यासक त्याला ‘बुकबाइंडर’ म्हणूनच ओळखतात.

दातेरी चाक फिरवून उठवलेल्या नक्षीने आपल्याकडेही असाच चकवा दिला आहे. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी पुद्दुचेरीजवळ अरिकामेडूला खोदलं, तेव्हा अशी चक्राकार ठिपक्यांची बशी त्यांना भूमध्य समुद्राकडून आलेली वाटली. पुढे विमला बेगली यांनी ती भारतीयच असल्याचं मांडलं. १९९७ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. द. गोगटे यांनी मातीचं क्ष-किरण पृथक्करण करून तिचा उगम बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-ताम्रलिप्त भागात दाखवला. तिथे प्रश्न ‘कुठून आली’ हा होता, म्हणून मातीने उत्तर दिलं. व्हर्जिनियात प्रश्न ‘कुणी केली’ हा होता, आणि तिथे माती गप्प बसली.

प्रश्न बदलतो

निर्णयाची दुसरी मोठी जागा इथे येते. ॲना अॅगबे-डेव्हिस यांनी जेम्सटाउन आणि भोवतालच्या घरजागांचे संग्रह पुन्हा काढले. त्यांत गव्हर्नर विल्यम बर्कली याचा ग्रीन स्प्रिंग हा मळाही होता. ‘आफ्रिकी की इंडियन की इंग्रज’ हे तीन खाने त्यांनी बाजूला ठेवले. साधे तुकडेही नक्षीदार तुकड्यांइतक्याच निगुतीने नोंदले. प्रत्येकाला एका ‘प्रकारात’ बसवण्याऐवजी वाटीचा आकार, काठ, भोक, घासण्याच्या खुणा, साच्याची रेघ, मातीचा रंग हे सगळं सुटं सुटं मोजलं. मग विचारलं: एका घरातल्या चिलमी एकमेकींसारख्या किती, आणि शेजारच्या घरातल्यांपेक्षा वेगळ्या किती? कोण कुणाच्या हुकमतीखाली काम करत होतं, आणि माल कोणत्या वाटांनी फिरत होता?

१६७६चं बेकनचं बंड या काळाच्या मधोमध येतं. त्यात गोरे नोकर आणि आफ्रिकी गुलाम बर्कलीविरुद्ध एकत्र लढले, आणि त्यानंतरच्या दशकांत कायद्यांनी दोघांना वेगळं पाडलं. वंशाच्या भिंती या चिलमी तयार होत होत्या त्याच काळात बांधल्या जात होत्या. नंतर पक्क्या झालेल्या त्या भिंती आधीच्या मालावर मागे नेऊन लावायच्या का, हा अॅगबे-डेव्हिस यांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो.

त्याच सुमारास, २०००मध्ये, मॉन्टिसेलोला, म्हणजे थॉमस जेफरसन यांच्या व्हर्जिनियातल्या जुन्या मळ्यावर, गुलामगिरीच्या पुरातत्त्वाचं एक डिजिटल भांडार सुरू झालं. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हातांनी केलेले संग्रह तिथे एकाच नियमाने पुन्हा नोंदले जातात आणि कुणालाही बघायला मिळतात. काम कंटाळवाणं, पण जुन्या मालाची फेरतपासणी टिकते ती अशाच कामावर.

निष्पत्ती

आज जाणकार या चिलमींना शक्यतो ‘स्थानिक बनावटीच्या’ एवढंच म्हणतात. मूळ रहिवाशांची परंपरा पायाशी आहे, इंग्रजी साचे आणि कारागीर आहेत, आणि आफ्रिकी हात नव्हतेच असं म्हणायला काही आधार नाही. क्वारदाताचा दाखला मात्र कुणी एकट्याने पुढे करत नाही. १६२५ला पिअर्सीच्या घरी असलेल्या सात जणांचा फ्लॉवरड्यूच्या कुठल्याही एका चिलमीशी थेट संबंध लावता येत नाही. काहींना ही हार वाटते. मला तसं वाटत नाही, पण ज्यांना पूर्वजांची वस्तू हवी होती त्यांची निराशा खरी आहे, आणि ‘पुरावा नाही’ हे वाक्य त्यांच्यापुढे जरा सांभाळूनच उच्चारावं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे करणाऱ्याचा रकाना सगळ्यात शेवटी भरायला हवा होता. चाळणीवरच ‘इंडियन’ अशी चिठ्ठी लागली की पुढचा अभ्यासक तिच्याशी सहमत होतो किंवा भांडतो, पण तिच्यापासून सुटत नाही. एमर्सन यांचा प्रबंध हा काही अंशी त्या चिठ्ठीशीच केलेला वाद होता.

दुसरं, नक्षीदार तुकडे वेगळे काढण्याआधी साध्यांची मोजणी. पेटीत शंभर लाल तुकड्यांमागे नक्षीचे किती, हे माहीत नसेल तर नक्षी ही त्या घराची रीत होती की अपवाद, हेच कळत नाही. लाल नळ्यांची भोकंही मोजून ठेवायला हवी होती. काळ सांगायला ती निरुपयोगी, पण एका घरातली भोकं एकसारखी असतील तर ती एकाच सळईने, बहुधा एकाच हाताने पाडलेली असण्याचा संभव वाढतो.

तिसरं, १९८०च्या दशकात पामंकी कुंभारणींना या पेट्यांपुढे बसवणं अशक्य नव्हतं. त्यांची वस्ती तिथून मोटारीच्या एका फेरीच्या अंतरावर आहे. माती कशी मळली, कुठे घाई झाली, कुठे हात चुकला, हे त्यांनी तुकडा उलटासुलटा करून सांगितलं असतं. मग वाद झालाच असता, पण निदान तिन्ही बाजू खोलीत असत्या.

आणि एक काम अजूनही करण्यासारखं आहे. साच्याला ओरखडा पडला की त्यातून निघणाऱ्या प्रत्येक चिलमीवर तो उमटतो. व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या संग्रहांतल्या साच्याच्या लाल चिलमींवरचे असे ओरखडे एकमेकांशी ताडून बघितले, तर एकाच साच्यातला माल कोणकोणत्या घरांत पोचला हे सांगता येईल. साचा कुणाच्या हातात होता हे ठरवण्याआधीसुद्धा.